लेक शब्दखेळाला गेली, त्याची हकीकत

एका मराठी वाहिनीवरच्या मुलांच्या शब्दखेळात माझी लेक खेळली. तिचे भाग टीव्हीवर लागून गेल्यापासून ओळखीचं कोणीही भेटलं की पहिला प्रश्न ठरलेला. "आमच्या पोराला पाठवायचंय, काय काय करावं लागतं?" फॉर्म कुठे मिळतो, पैसे भरावे लागतात का, आत कोणाची ओळख लागते का. मी साताऱ्यात पोवई नाक्याजवळच्या एका मेडिकलमध्ये काम करते. गिऱ्हाईक समोर असताना उभ्या उभ्या जेवढं सांगता येतं तेवढं सांगते, पण ते अर्धंमुर्धंच राहतं. म्हणून एकदा बसून सगळं लिहून काढते आहे. पैसे लागत नाहीत. ओळख लागत नाही. वेळ मात्र भरपूर जातो, आणि आपल्या पोराच्या अंगी जे आहे ते कॅमेऱ्याच्या आधीही होतं आणि नंतरही राहायला हवं, एवढं घरातल्या मोठ्यांनी शेवटपर्यंत धरून ठेवावं लागतं. हे दुसरं काम फॉर्म भरण्याहून कितीतरी अवघड आहे.

लेक तेव्हा नऊ वर्षांची, चौथीत, मराठी शाळेत. वाचायला ती कधी शिकली हे आम्हाला नीट सांगता येत नाही, कारण कोणी शिकवलंच नव्हतं. तीन वर्षांची असताना तिला कडेवर घेऊन मी साताऱ्याच्या एसटी स्टँडवर उभी असायची आणि ती गाड्यांच्या पाट्या वाचायची. कोरेगाव. वडूज. दहिवडी. विनाथांबा स्वारगेट. मला वाटायचं, कंडक्टर ओरडतात ते ऐकून म्हणते. मग एकदा एका ड्रायव्हरने आमच्या डोळ्यांदेखत पाटी काढून दुसरी लावली. अजून कोणी तोंडातून शब्दही काढला नव्हता, तर ही म्हणाली, "आई, ही आता फलटणला चालली." त्या दिवशी मी चरकले. आनंद झालाच, पण त्याहून जास्त, आता हिचं काय करायचं, असं वाटलं. पुढे दुकानात येऊन बसली की औषधांच्या पट्ट्या उलट्या वाचायची. पॅरासिटामॉलचं ‘लमॉटासिरापॅ’. गिऱ्हाइकं हसायची, पुन्हा पुन्हा म्हणायला लावायची. ते मी लवकरच बंद केलं.

पाठांतराची मुलं वेगळी आणि ही वेगळी, हे मला पहिलीत कळलं. गृहपाठाची वही घेऊन आली आणि म्हणाली, "‘फूल’मधला फू दीर्घ आहे, मग ‘फुलाला’मध्ये ऱ्हस्व का झाला?" मी म्हणाले, तसंच लिहितात. एवढ्यावर तिचं भागलं नाही. पाठीमागच्या पानावर तिने स्वतः यादी सुरू केली: मूल-मुलाला, गरीब-गरिबाला, वकील-वकिलाला, सून-सुनेला. जेवताना सांगितलं, "शब्दाच्या शेवटी काही चिकटलं की मागचं आखूड होतं." सहा वर्षांच्या पोरीने व्याकरणाचा नियम स्वतःच्या हाताने काढला होता. पण काही दिवसांनी शाळेतून आली ती रडवेली होऊन. ‘शरीर’चं ‘शरीराला’ होतं, तिथे री आखूड होत नाही. ‘परीक्षा’चं ‘परीक्षेला’. तिचा नियम मोडला होता. तिच्या बाईंनी फार चांगलं केलं. गप्प बस म्हणाल्या नाहीत. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द आपला दीर्घ सोडत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. त्यावर हिचा पुढचा प्रश्न, "मग कुठला शब्द तिकडून आला ते मला कसं कळणार?"

त्या एका प्रश्नापायी आम्ही नगर वाचनालयात जायला लागलो. दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश सात खंडांचा आहे, १९३२ ते १९३८ या काळात निघालेला. त्याचा एकेक खंड तिला उचलतही नसे. टेबलावर ठेवून, खुर्चीवर गुडघे टेकून ती बोट फिरवत बसायची. शब्दापुढे कंसात कुठल्या भागातला, कुठल्या धंद्यातला ते लिहिलेलं असतं, ते तिला गोष्टीच्या पुस्तकाहून आवडायचं. ज्यांना वाचनालय लांब पडतं त्यांच्यासाठी सांगते, मोल्सवर्थचा १८५७चा मराठी-इंग्रजी कोश आणि दाते-कर्व्यांचाही कोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येतो. मोबाइल पुरतो. सुट्टीत तिला वाईलाही नेलं. मेणवलीचा घाट बघायचा होता, पण ती विश्वकोशाच्या कचेरीसाठीच हट्ट धरून बसली. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या हाताखाली इथे विश्वकोश उभा राहिला, पहिला खंड १९७६ साली आला आणि पुढे वीस खंड झाले, एवढं मी तिला सांगितलं. "इथली माणसं दिवसभर शब्दांचंच काम करायची?" असं विचारून ती परत येताना सगळा वेळ त्याच नादात होती. सातारा जिल्ह्यातल्या मुलांना आपल्या जिल्ह्यात हे झालं आहे हे माहीतच नसतं, याचं मला वाईट वाटतं. सहली प्रतापगडला जातात, पाचगणीला जातात, कासला जातात. वाईत कोणी त्या दारासमोर थांबत नाही.

तिचे बाबा फौजेत आहेत. आमच्या कोरेगावाकडच्या गावात घराआड एक फौजी आहे, त्यात नवल नाही. ते वर्षातून सुट्टीला येतात तेवढेच, बाकी फोन. रेंज कधी असते, कधी नसते. मोठ्या गप्पा होत नाहीत म्हणून दोघांनी एक खेळ काढला होता. ते नऊ अक्षरं मेसेजवर पाठवायचे. हिने त्यातून जमेल तेवढा मोठा शब्द करून पाठवायचा. रेंज आली की उत्तर. कधी कधी दोन दोन दिवस उत्तर येत नसे आणि ही मनात त्याच अक्षरांशी खेळत असायची.

माझ्या दिराने हे बघून तिला यूट्यूबवर इंग्लंडचा ‘काउंटडाउन’ दाखवला. हुबेहूब तोच खेळ! नऊ अक्षरं, तीस सेकंद, मोठं घड्याळ. तिथल्या चॅनल फोरचं प्रक्षेपण २ नोव्हेंबर १९८२ला सुरू झालं ते याच कार्यक्रमाने, आणि तो आजही चालू आहे. मुळात कल्पना फ्रान्सची, तिथे असा खेळ १९६५पासून टीव्हीवर होता. लहान मुलं येऊन मोठ्यांना हरवून गेल्याचे भागही आम्ही पाहिले. म्हणून एका मराठी वाहिनीने मुलांसाठी तसाच खेळ आणतोय अशी जाहिरात केली, तेव्हा दीर फॉर्मची लिंक घेऊनच घरी आले.

मराठीत हा खेळ बसवायचा म्हणजे सोपं नाही, हे नियम वाचल्यावर कळतं. इंग्रजीत स्वर वेगळे, व्यंजनं वेगळी, पाट्या उचलल्या की झालं. आपल्याकडे काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार. ते सगळे पाटीवर दिले तर शब्द जुळणारच नाही. यांनी असा तोडगा काढला होता की नऊ व्यंजनं द्यायची, काना-मात्रा-अनुस्वार खेळणाऱ्याने मनाने लावायचे. जोडाक्षर करायचं तर दोन्ही व्यंजनं पाटीवर हवीत. जेवढी व्यंजनं वापरली तेवढे गुण. विशेषनाम नाही, विभक्ती लावलेलं रूप नाही, क्रियापद फक्त ‘णे’ लावून. त्यानंतर शुद्धलेखनाची फेरी, आणि शेवटी अक्षरं विस्कटलेला एक लांब शब्द, आधी बझर दाबेल त्याचा. नियम वाचून होताच लेक म्हणाली, "अनुस्वाराला गुण नाहीत, हे चुकीचं आहे." तेवढी एक तक्रार तिची आजही आहे.

फॉर्म ऑनलाइन. सोबत मुलाचा छोटा व्हिडिओ. इथे लोक फार खर्च करतात, फोटोग्राफर बोलावतात. आम्ही सासूबाईंच्या मागच्या अंगणात मोबाइलवर काढला. तिने तिची ती फूल-फुलाला यादी बोलून दाखवली आणि ‘शरीर’ने कसं फसवलं ते सांगितलं. मागे कोंबड्या ओरडत होत्या, तसाच पाठवला. मग बरेच दिवस काही नाही. मी विसरूनही गेले होते, तेव्हा पुण्याहून चाचणीचा फोन आला.

पुण्याची चाचणी दिवसभर चालली. सकाळी लेखी, दुपारी समोर बसवून. हॉलबाहेर आम्ही पालक सतरंजीवर. तिथे जे बघितलं ते विसरत नाही. एक गृहस्थ मुलाला शब्दांच्या छापील याद्या म्हणून घेत होते, मूल चुकलं की चिमटा. एक मुलगी उलटी झाली म्हणून आईच्या मांडीवर पडली होती आणि आई तिला "आता दहा मिनिटंच राहिलीत, ऊठ" म्हणत होती. ही मुलं हुशारच होती सगळी. माझी पोर त्यातल्या एका लातूरच्या मुलाबरोबर जिन्यात बसून भेंड्या खेळत होती, शेवटचं अक्षर ‘ळ’ आणून एकमेकांना अडकवायचं चाललं होतं. मी तिला हाक मारली नाही. समोरासमोरच्या फेरीत तिला पाच-सहा अवघड शब्दांचे अर्थ विचारले. दोनांना तिने "मला माहीत नाही, सांगाल का?" असं उत्तर दिलं. मला वाटलं, संपलं. पण निवड करणाऱ्यांतल्या एका बाई नंतर म्हणाल्या, इतर मुलं ठोकून काहीतरी सांगत होती, हिने विचारलं, ते आम्हाला हवं होतं.

निवड झाल्याचं कळलं आणि दुसऱ्याच आठवड्यात वेगळा फोन आला. हा भाग मी मुद्दाम सविस्तर लिहिते आहे, कारण बाकी कोणी सांगत नाही. फोनवर निर्मिती संस्थेतली एक तरुण मुलगी होती, बोलायला गोड. तिला ‘गोष्ट’ हवी होती. बाबा फौजी आहेत हे फॉर्मात होतंच. म्हणाली, "ताई, आपण असं करू. पहिल्या फेरीनंतर सूत्रसंचालक तिला बाबांची आठवण येते का विचारतील. मग स्क्रीनवर बाबांचा व्हिडिओ. तिला आधी सांगू नका. रडली तर खूप छान होईल." मी विचारलं, कोणासाठी छान होईल? तिला उत्तर सुचलं नाही. मी शांतपणे सांगितलं की बाबा लांब आहेत हे माझ्या मुलीचं रोजचं जगणं आहे, तिने त्यातून स्वतःचा मार्ग काढला आहे, तो तुमच्या खेळात मांडायला मिळणार नाही. शब्दांवर हवं ते विचारा. फोन ठेवल्यावर हात थरथरत होते. नवऱ्याला कळवलं, त्यांचा मेसेज आला, "बरोबर केलंस. काढून टाकलं तरी चालेल." मग ते सगळं ईमेलवर लिहून घेतलं. घरच्या परिस्थितीवर कॅमेऱ्यासमोर प्रश्न विचारणार नाही, असं त्यांचं लेखी उत्तर आल्यावरच मी करारावर सही केली.

करार वाचताना कायद्याची माहिती असलेली बरी. बालकामगार कायद्यात २०१६ साली सुधारणा झाली आणि २०१७च्या नियमांत टीव्हीवरच्या मुलांबद्दल स्पष्ट लिहिलं आहे. रिअ‍ॅलिटी शो, क्विझ शो सगळे त्यात येतात. मुलाला दिवसात पाच तासांहून जास्त काम नाही. विश्रांतीशिवाय सलग तीन तासांहून जास्त नाही. सलग सत्तावीस दिवसांवर नाही. जिथे शूटिंग असेल तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी निर्मात्याने काढायची. जास्तीत जास्त पाच मुलांमागे सांभाळायला एक जबाबदार माणूस. शाळा बुडू नये याची सोय. मुलाची स्वतःची संमती, फक्त आईबापांची नाही. आणि मुलाच्या मिळकतीतला किमान वीस टक्के भाग राष्ट्रीयीकृत बँकेत मुलाच्या नावे मुदत ठेवीत, तो सज्ञान झाल्यावर त्याच्या हातात. आमच्या मसुद्यात तासांचं कलम मोघम होतं. मी विचारल्यावर नीट करून दिलं, कुरकुर केली नाही. त्यांना माहीत असतंच, कोणी विचारत नाही एवढंच. बक्षिसाच्या रकमेतून तीस टक्के आयकर आधीच कापला जातो, तेही लक्षात ठेवा, म्हणजे घरात आकडे धरून स्वप्नं रंगवली जाणार नाहीत.

शाळेच्या परवानगीला काही त्रास झाला नाही. तयारीचंही थोडक्यात सांगते. पाठांतर घेतलं नाही. रोजची नऊ अक्षरं बाबांकडून यायचीच. फक्त स्वयंपाकघरातल्या घड्याळावर तीस सेकंद लावायला शिकलो, कारण तिला घाईची सवय नव्हती. ती अक्षरांकडे बघत बसायची, शब्द सापडला तरी दुसरा शोधत राहायची. जाड मार्करने पाटीवर मोठं लिहायचा सराव केला, कारण वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ हे कॅमेऱ्यात दिसायला हवं. सासूबाईंनी मात्र त्यांच्या पद्धतीने तयारी घेतली. भाकरी थापता थापता शेतातले शब्द. कुळव, तिफण, कासरा, दावण. गुऱ्हाळातले गुळव्या, काहील, ढेप. खळ्याच्या मधोमध रोवतात तो तिवडा. "आजी, हे टीव्हीवर चालतील?" तर त्या म्हणाल्या, "न चालायला काय झालं? आम्ही काय मुक्यानं शेती केली का?"

शूटिंग गोरेगावच्या चित्रनगरीत. रात्रीची गाडी धरून आम्ही दोघी आणि दीर. कपड्यांची सूचना आधी आली होती: बारीक रेघा नको, पांढरा शुभ्र नको, छातीवर अक्षरं असलेला शर्ट नको. आत गेल्यावर पहिलं जाणवतं ते एसीचं गारठणं. दिवे तापतात म्हणून एवढं थंड ठेवतात. मुलांना स्वेटर न्या. दुसरं म्हणजे वाट पाहणं. मेकअप, कॉलरला माइक, मग थांबा. दिवा बदलला, थांबा. पाटीवर उजेड चमकतोय, थांबा. पण तासांचं कलम पाळलं गेलं. दुपारी ठरल्या वेळेला मुलांना बाहेर काढून जेवायला बसवलं.

पहिला सामना तिचा नागपूरच्या एका मुलाशी. दोन फेऱ्या बरोबरीत गेल्या. तिसऱ्या फेरीची अक्षरं मला पाठ आहेत: भ, ग, ल, ण, त, क, स, र, द. घड्याळ सुरू झालं. मी पालकांच्या रांगेतून तिची मान बघत होते. तिने पटकन काहीतरी लिहिलं, थांबली, खोडलं, पुन्हा लिहिलं. वेळ संपली. मुलाने पाटी वर केली: ‘लसीकरण’. पाच व्यंजनं. टाळ्या. हिने पाटी वर केली: ‘भांगलण’. चार.

सूत्रसंचालकांना शब्द माहीत नव्हता. "भांडण म्हणायचंय का तुला?" ती म्हणाली, "नाही, भांगलण. पिकातलं तण खुरप्याने काढतात ते. आजी बायका लावून करून घेते." परीक्षक गृहस्थ विदर्भाकडचे. त्यांनी समोरचा कोश उघडला, मिळेना. दुसरा मागवला. कॅमेरे चालूच होते, पण सेटवर सगळे गप्प. मला तेव्हा गुणांचं काहीच वाटत नव्हतं. साताऱ्या-सांगलीच्या रानांत रोज बायकांच्या तोंडी असणारा शब्द तिथे अडकून पडला होता आणि माझी पोर त्याच्यासाठी उभी होती. जाड कोशात शेवटी सापडला. परीक्षकांनी अर्थ मोठ्याने वाचला आणि म्हणाले, "आमच्याकडे निंदण म्हणतात. आज मला नवा शब्द मिळाला." चार गुण दिले. ती फेरी मुलाने जिंकली.

दुपारी जेवताना मी विचारलं, आधी काय लिहिलं होतंस? वरण-भात कालवत म्हणाली, "लसीकरण." मग खोडलंस का? "तो सगळ्यांना माहीत आहे ना. हा कुणीच म्हणत नाही तिथे." मी पुढे काही बोलले नाही. पाठीवरून हात फिरवला. दिरांनी "अगं पण गुण..." एवढं तोंडातून काढलं होतं, माझ्याकडे बघून थांबले.

जेवणानंतर शुद्धलेखनाच्या फेरीत ती पुढे गेली. ‘महत्त्व’, ‘उज्ज्वल’, ‘तज्ज्ञ’, सगळी जोडाक्षरं तिने न अडखळता लिहिली. आणि मग ते झालंच. सूत्रसंचालक तिच्याजवळ खाली वाकले, आवाज हळवा केला आणि विचारलं, "बाबा सीमेवर आहेत ना? आठवण येते?" मागे हळू संगीतही सुरू झालं. मी जागेवरून उठले. ओरडले नाही, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "हा प्रश्न ठरला नव्हता. माझ्याकडे लेखी आहे." चित्रीकरण थांबलं. आतल्या खोलीतून दोघं-तिघं धावत आले, मी मोबाइलवरचा ईमेल दाखवला. सूत्रसंचालक स्वतः येऊन "माफ करा ताई, मला कानात सांगितलं गेलं" म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले असं मला वाटलं. लेक तेवढ्यात शेजारच्या मुलाला पाटीवर काहीतरी काढून दाखवत होती. तिला फारसं काही जाणवू न देता ते निभावलं. तो सामना ती जिंकली.

दुसऱ्या सामन्यात समोर कोण, तर जिन्यातला तोच लातूरचा मुलगा! दोघांना एवढा आनंद झाला की फ्लोअर मॅनेजरला दोनदा गप्प करावं लागलं. गुण शेवटपर्यंत मागेपुढे होत राहिले. विस्कटलेल्या शब्दाची अक्षरं अशी होती: धा, क, स, ज, र, सु, मा. आगरकर आमच्याच जिल्ह्यातले, कऱ्हाडजवळच्या टेंभूचे, आणि त्यांच्या ‘सुधारक’ पत्राची गोष्ट तिला शाळेत नुकतीच सांगितली होती. तिला त्या अक्षरांत ‘सुधारक’ लगेच दिसला आणि ती तिथेच अडकली. उरलेल्या तीन अक्षरांचं काय करायचं ते तिला सुचेपर्यंत त्या मुलाने बझर दाबला, "समाजसुधारक." ती हरली. खाली उतरून त्याला म्हणाली, "मला पुढचा अर्धा दिसला होता." येताना गाडीत थोडी रडली. बाबांना फोन लागला, त्यांनी आधी नऊ अक्षरं सांगितली आणि मग काय झालं ते विचारलं. खंबाटकीच्या घाटापर्यंत दोघांचं तेच चाललं होतं.

भाग लागले तेव्हा गावाकडे सासूबाईंच्या ओटीवर तीस-चाळीस माणसं जमली होती. ‘भांगलण’ दाखवलं, पण कोश शोधण्याची ती सगळी शांतता कापून दोन-तीन सेकंदांवर आणली होती. बघणाऱ्याला वाटावं की परीक्षकांनी लगेच मान डोलावली. मला त्याची हळहळ आहे. त्या थांबण्यातच सगळं होतं. ओटीवरच्या बायकांना मात्र तेवढंही पुष्कळ झालं. एकजण म्हणाली, "आमचं काम टीव्हीवर आलं गं!"

नंतरचे दिवस कसे असतात याची तयारी कोणी करून देत नाही. चौकात फ्लेक्स लागला, आमची परवानगी न घेता. एका क्लासवाल्याने तिचा फोटो जाहिरातीला मागितला, आम्ही नाही म्हटलं. त्याहून त्रास लोकांच्या प्रेमाचा. भाजी घ्यायला गेलो तरी कोणीतरी थांबवणार, "ए शब्दवाली, सांग बरं, अमक्याचा अर्थ काय?" चुकली की हसणार. हळूहळू ती बाहेर पाट्या वाचेनाशी झाली. स्टँडवर खाली मान घालून उभी राहायला लागली. मी तिच्या बाईंशी बोलले, सासूबाईंशी बोलले. आम्ही ठरवून टाकलं की कोणीही परीक्षा घ्यायला लागलं तर मोठ्यांनी मध्ये पडायचं आणि स्पष्ट सांगायचं, आज नको. काही नातेवाईक रागावले. रागावू देत. शाळेत बाईंनी तिला वेगळं बसवणं, समोर उभं करणं बंद केलं. त्याऐवजी पुठ्ठ्याची अक्षरं करून वर्गातल्या सगळ्यांना गटागटाने खेळायला दिली. त्यात ही कधी जिंकते, कधी हरते. सगळ्यांत मोठा शब्द परवा तिच्या बाकावरच्या मैत्रिणीने केला. पाट्या वाचणं पावसाळा संपता संपता पुन्हा सुरू झालं.

पैशांचं म्हणाल तर कर कापून जे आलं त्यातला कायद्याप्रमाणे ठेवायचा भाग तिच्या नावे बँकेत आहे, उरलेल्यातले निम्मे आम्हीही त्यातच घातले. तिने स्वतःसाठी मोल्सवर्थचा छापील कोश मागितला, तो घेतला.

मध्यंतरी दुसऱ्या पर्वासाठी फोन आला होता, जुन्या स्पर्धकांचा खास भाग करायचा आहे म्हणून. तिला विचारलं. तारखा बाबांच्या सुट्टीतल्या होत्या, ती नको म्हणाली, आम्ही तसं कळवलं. नव्या मुलांसाठी फॉर्म सुरू होणार आहेत असं तेव्हाच समजलं. कोणाला करार किंवा तो ईमेल कसा लिहिला ते बघायचं असेल तर दुपारी दोन ते चारमध्ये दुकानात या. तेव्हा गर्दी कमी असते, बसून नीट बोलता येतं.